पोलिसाच्या मनाला जखम झाली, तर विम्याचा हप्ता कुणाचा वाढतो? मिनेसोटातल्या शहरांच्या सामायिक निधीचं प्रकरण

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ८५० हून अधिक ‘शहरं’ आहेत. हा आकडा ऐकून आपण जे डोळ्यांसमोर आणतो ते बहुतेक चुकतं, कारण तिथे पाच-सातशे वस्तीचं गावही कायद्याने सिटीच. मिनियापोलिस सव्वाचार लाखांचं, सेंट पॉल तीन लाखांच्या वरचं, आणि यादीतली बाकी बरीचशी नावं आपल्या ग्रामपंचायतीच्या मापाची. अशा गावाच्या पगारपत्रकावर एक क्लार्क, रस्ते आणि पाणी बघणारे दोघे-तिघे, स्वयंसेवकांचं अग्निशमन दल आणि असलेच तर चार-सहा पोलीस, एवढीच माणसं असतात.

यांपैकी कुणी कामावर जखमी झालं तर चूक कुणाची हे न बघता उपचार आणि बुडालेला पगार मालकाने, म्हणजे शहराने द्यायचा. तिथे हा कायदा १९१३ पासून आहे. आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा त्याच घराण्यातला. जखमेमुळे काम पूर्ण थांबलेल्या कामगाराला साधारण दोन तृतीयांश पगार मिळतो. तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचे पैसे जास्तीत जास्त १३० आठवडे. उपचाराच्या खर्चाला मात्र वरची मर्यादा नाही. बर्फ काढणाऱ्या ट्रकवरून उतरताना माणूस घसरला आणि मणका गेला, तर त्या एका बिलात गावाचा अनेक वर्षांचा कर बुडू शकतो.

म्हणून शहरं एकत्र येतात. १९८० मध्ये लीग ऑफ मिनेसोटा सिटीज या शहरांच्या जुन्या संघटनेने आपला इन्शुरन्स ट्रस्ट काढला. नावात ट्रस्ट असला तरी व्यवहारात तो शहरांचा सामायिक निधी आहे. राज्याच्या कायद्यानुसार शहरांना आपले अधिकार एकत्र करून वापरता येतात, त्याच आधारावर तो उभा आहे. नफा कमावणारा भागधारक नाही. विश्वस्त मंडळावर शहरांचीच माणसं. आपल्याकडच्या भिशीशी याची तुलना करायचा मोह होतो, पण भिशीत आपला नंबर लागावा असं प्रत्येकाला वाटतं, आणि इथे भरलेला पैसा कधीच परत मागावा न लागणं हीच चांगली बातमी असते.

हप्त्याचं गणित वरवर सोपं आहे. समजा एका गावात सहा पोलीस आहेत आणि त्यांचा मिळून वर्षाचा पगार ४,८०,००० डॉलर. पोलीस या वर्गाचा दर, पगाराच्या दर १०० डॉलरमागे ५ डॉलर. हप्ता झाला २४,०००. मग त्याला गावाच्या मागच्या अनुभवाचा गुणक लागतो, बोलीभाषेत ‘मॉड’. गेली काही वर्षं क्लेम कमी असतील तर गुणक एकाच्या खाली, समजा ०.९०, हप्ता २१,६००. (हे आकडे गणित समजावं म्हणून मी घेतलेत, ट्रस्टच्या दरपत्रकातले नाहीत.) पोलिसांचा दर वेगळा, अग्निशमनाचा वेगळा, कारकुनाचा अगदी नगण्य.

या गुणकात एक शहाणपण दडलेलं आहे. लहान गावाच्या अनुभवाला त्यात फार वजन देत नाहीत. सहा पोलिसांच्या गावात वीस वर्षं काहीच झालं नाही म्हणून ते फार सुरक्षित ठरत नाही, आणि एका वर्षी एक मोठा क्लेम झाला म्हणून ते बेफिकीर ठरत नाही. दोन्हींत नशिबाचा भाग मोठा. म्हणून लहान गावाचा मॉड दोन्ही दिशांनी थोडाच हलतो, आणि धक्क्याचा मोठा भाग सगळ्यांच्या मिळून बनलेल्या वर्गदरात विरघळतो. मोठ्या शहराचा मॉड मात्र त्याच्या स्वतःच्या नोंदीवर बराच वरखाली होतो. मिनियापोलिस आणि सेंट पॉल तर या हिशोबात नाहीतच. ती स्वतःची जोखीम स्वतःच घेतात.

निधीच्याही वर एक छप्पर आहे. मिनेसोटाच्या विधिमंडळाने १९७९ मध्ये कामगार भरपाईच्या पुनर्विम्यासाठी एक स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि राज्यातल्या प्रत्येक विमा कंपनीला, प्रत्येक स्वयंविमाधारकाला तिचं सदस्य होणं बंधनकारक केलं. एखाद्या क्लेमने ठरलेली मर्यादा ओलांडली की वरचे पैसे ती देते. मर्यादा किती ठेवायची याचे पर्याय आहेत. खालची घेतली की पुनर्विम्याचा हप्ता जास्त.

म्हणजे नेहमीच्या मारासाठी निधी आणि राक्षसी क्लेमसाठी पुनर्विमा. पाठदुखी, घसरून पडणं, अपघातात सापडलेली पोलीस गाडी, या सगळ्यासाठी ही रचना चांगली चालली. एका गावात झालेल्या अपघातामुळे दुसऱ्या गावात अपघात होत नाही. वाटून घेण्याचं सगळं गणित या एका गृहीतावर उभं आहे. मानसिक आघाताच्या क्लेमने नेमकं तेच हलवलं.

कायदा तीन पावलांत बदलला

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापकाच्या प्रकरणात ठरवलं होतं की शरीराला काही झालेलं नसताना, केवळ मानसिक ताणातून झालेला मानसिक आजार भरपाईला पात्र नाही. बत्तीस वर्षं हेच चाललं. ऑक्टोबर २०१३ पासून विधिमंडळाने पीटीएसडीपुरता, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या तणावविकारापुरता, अपवाद केला: मानसोपचारतज्ज्ञाने किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाने निदान केलेलं असेल तर तो व्यावसायिक आजार धरायचा. याच्या आधीच्या काळात आजारी पडलेल्या हचिन्सन शहराच्या एका पोलिसाला २०१४ मध्ये न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवलं. तो एका अपघाताच्या जागी धावून गेला होता आणि त्या प्रसंगातून बाहेर येऊ शकला नव्हता. न्यायालय म्हणालं, जुना नियम आम्ही मोडणार नाही, ते काम विधिमंडळाचं.

तिसरं पाऊल सगळ्यांत महागडं ठरलं. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस, अग्निशमन जवान, पॅरामेडिक, आणीबाणीचे फोन घेणारे कर्मचारी, तुरुंग कर्मचारी, शेरीफ (काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे पोलीस प्रमुख) आणि त्यांचे डेप्युटी यांच्या बाबतीत पीटीएसडी हा नोकरीतूनच झाला असं कायद्याने आधीच गृहीत धरायचं ठरलं. आधी पीटीएसडीचं निदान झालेलं नसावं, एवढी अट. गृहीत खोडून काढता येतं, पण त्याचं ओझं आता मालकावर आणि विमादारावर. शिस्तभंगाची कारवाई, बदली, मूल्यमापन, पदावनती असल्या गोष्टींतून आलेला त्रास यात बसत नाही.

विम्याच्या भाषेत याचा अर्थ काय झाला? आधी क्लेम आला की निधीच्या क्लेम अधिकाऱ्यापुढे प्रश्न असे: हे निदान खरं का, कारण नोकरी का, की घरचं काही, लष्करात असतानाचं काही? अमेरिकेत पोलिसांत माजी सैनिक भरपूर, म्हणून हा शेवटचा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. आता ‘कारण’ हा रकाना आधीच भरलेला येतो. विमादाराने आपल्या तज्ज्ञाकडून उलट निदान आणलं तरी गृहीत लागू होतंच का, यावर वाद राहिला होता. २०२२ मध्ये कार्लटन काउंटीच्या एका डेप्युटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: कर्मचाऱ्याने परवानाधारक तज्ज्ञाचं निदान दाखवलं की गृहीत लागू, समोरच्याचं वेगळं निदान आहे म्हणून ते थांबत नाही.

माझ्या मते हा कायदा योग्य होता. रस्त्यावरचे मृतदेह वर्षानुवर्षं बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या आजाराचं कारण सिद्ध करत बसावं, हा आधीचा प्रकार क्रूर होता. पण योग्य कायद्याचंही बिल येतं, आणि ते कुणाच्या नावावर फाडायचं हे कायद्यात नीट लिहिलेलं नव्हतं.

मे २०२०

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. २८ मेच्या रात्री तिसऱ्या विभागाचं पोलीस ठाणं जाळलं गेलं. जुलैत एका वकिलाने जाहीर केलं की शहराचे सुमारे १५० पोलीस पीटीएसडीच्या कारणाने अपंगत्वाचे अर्ज करत आहेत. दलाची मंजूर संख्या तेव्हा नऊशेच्या आतच होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत नगर परिषदेच्या बैठकांत पोलिसांच्या कामगार भरपाईच्या तडजोडी मंजूर होणं नेहमीचंच झालं. यात एक टोचणारी बाजू आहे, ती झाकून उपयोग नाही: ज्या मृत्यूने शहर पेटलं तो पोलिसाच्या हातून झाला होता, आणि नंतरचे अर्जही पोलिसांचेच. अनेक नागरिकांना हे पचलं नाही. कामगार भरपाईच्या कायद्याला मात्र दलाची प्रतिमा दिसत नाही, त्याला एक कर्मचारी आणि एक निदान दिसतं.

मिनियापोलिस स्वतःचा विमा स्वतः करतं, म्हणून हे पैसे सामायिक निधीतून गेले नाहीत. तेवढ्यावर उपनगरांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नव्हती. पण दंगलीच्या रात्री मदतीला आजूबाजूच्या शहरांचे पोलीसही गेले होते. परस्पर मदतीच्या करारांत आणि राज्याच्या कायद्यात तत्त्व असं की दुसऱ्याच्या हद्दीत काम करतानाही माणूस आपल्याच शहराचा कर्मचारी. तो जखमी झाला तर भरपाई त्याचं स्वतःचं शहर देतं. डोक्याला दगड लागला असता तरी हाच नियम होता. पुढच्या एप्रिलात ब्रुकलिन सेंटर या उपनगरात डाँटे राइट पोलिसाच्या गोळीने मेला, आणि तिथल्या ठाण्याबाहेर रात्रीमागून रात्र निदर्शनं झाली. तिथेही मदतीला आलेले गणवेश अनेक ठिकाणचे होते. म्हणजे घटना एका शहरात, पण तिचे क्लेम अनेक शहरांच्या नावावर पडू शकतात. अपघात एकमेकांपासून स्वतंत्र असतात हे गृहीत इथे कोसळतं.

आणि दंगल झाली नसती तरी ते डळमळलंच असतं. कायदा बदलला तो सगळ्या शहरांसाठी एकाच दिवशी. राज्यभरात साचून राहिलेला, आजवर लाजेने किंवा नियमाने दडपलेला आजार एकदम मोजणीत आला. पावसाळ्यात एका गावाचा बंधारा फुटला तर शेजारची गावं मदत करतात. सगळीकडे एकाच वेळी पाणी वाढलं तर शेजारी कोण उरतो? शंभर गावांनी एकत्र येऊन नशिबाचा चढउतार सपाट करता येतो. सगळ्यांची सरासरीच वर गेली की सपाट करायला काही उरत नाही, सगळ्यांनी जास्त भरायचं एवढंच राहतं. २०२० च्या वसंतात विधिमंडळाने कोविडसाठीही असंच गृहीत आणलं होतं, ८ एप्रिलपासून. पण कोविडचे बहुतेक क्लेम थोड्या दिवसांचे. पीटीएसडीचे तसे नव्हते.

एक क्लेम जवळून

पाठ दुखावलेल्या पोलिसाचा क्लेम आणि पीटीएसडीचा क्लेम शेजारी ठेवून बघितले की निधीची हत्यारं कुठे बोथट झाली ते कळतं.

पाठीच्या क्लेममध्ये पहिलं हत्यार असतं ‘लाइट ड्यूटी’. माणूस गस्तीवर जाऊ शकत नाही, पण टेबलावर बसून अहवाल लिहू शकतो. सहा आठवड्यांनी तो टेबलावर आला की पगाराची भरपाई थांबते किंवा कमी होते, आणि माणूस कामाच्या सवयीतही राहतो. या एका गोष्टीने अख्खा क्लेम अर्ध्यावर येतो, हे धंद्यातला कुणीही सांगेल. पीटीएसडीत टेबल त्याच ठाण्यात असतं. वायरलेसवर तेच आवाज, भिंतीवर तोच गणवेश. चार-सहा पोलिसांच्या गावात दुसरं ठाणंच नाही. मग माणूस परत येत नाही, १३० आठवड्यांचं घड्याळ चालू राहतं, त्यावर उपचार, पुनर्वसन, वकील, आणि अनेकदा शेवटी एकरकमी तडजोड.

दुसरं हत्यार पुनर्विमा. तो एका क्लेमने मोठी मर्यादा ओलांडली तरच जागा होतो. पीटीएसडीचा क्लेम महाग असतो, पण मणका तुटलेल्या माणसाइतका बहुधा नसतो. शस्त्रक्रिया नाही, जन्मभराची शुश्रूषा नाही. मधल्या उंचीचे खूप क्लेम येतात आणि प्रत्येक जण छपराच्या खालीच राहतो. म्हणून सगळं वजन निधीच्या स्वतःच्या थरावर. राक्षसाची तयारी केली होती, आली टोळधाड.

तिसरी अडचण तारखेची. पाय घसरला तो दिवस ठाऊक असतो. वीस वर्षांत पाहिलेल्या अपघातांतून साठत आलेल्या आजाराची जखम कोणत्या दिवशी झाली? तो पोलीस त्या काळात तीन गावांत नोकरीला होता, तर क्लेम कुणाचा? तिन्ही गावं एकाच निधीत असतील तर पैसा शेवटी एकाच थैलीतून जातो आणि गावांतली भांडणं थोडी निवळतात. एकत्र असण्याचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही. पण अॅक्च्युअरीला, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडणाऱ्या गणितज्ञाला, मात्र आज न आलेल्या, तरीही आधीच घडून गेलेल्या क्लेमसाठी तरतूद करावी लागते, आणि नव्या कायद्याखाली जुना अनुभवच नसतो. पहिली काही वर्षं अंदाजावर काढायची.

मग दर. ट्रस्टपुढे मुळात दोनच वाटा होत्या. एक, वाढलेला खर्च पोलीस वर्गाच्या दरावर टाकायचा. दोन, तो सगळ्या वर्गांवर पसरायचा. मिनेसोटात पोलिसांचा दर चढला. मघाच्या काल्पनिक गावात दर ५ वरून ७ झाला असं धरा: हप्ता २१,६०० वरून ३०,२४० डॉलर. गावात एकही क्लेम नाही, मॉड तोच, तरी ८,६४० डॉलर जास्त. गावच्या सभेत हे समजावणं किती कठीण जात असेल! पण दुसरी वाट मला जास्त अन्यायाची वाटते. ज्या गावांनी पोलीस दलच ठेवलेलं नाही, गस्तीसाठी काउंटीच्या शेरीफशी करार केलाय, त्यांच्या कारकुनाच्या आणि बागकामगाराच्या हप्त्यातून दुसऱ्यांच्या दलाचा खर्च का काढायचा?

खाजगी विमा कंपनी असती तर तिसरी वाट होती: पॉलिसी नूतनीकरण नाकारून निघून जायचं. शहरांचा स्वतःचा निधी आपल्याच सभासदांना असं सोडू शकत नाही. निघता येत नसल्यामुळेच ट्रस्टला क्लेमच्या आधीच्या दिवसांत हात घालावा लागला. ज्या सल्लागारांनी वर्षानुवर्षं शहरांना बर्फावर कसं चालावं आणि वजन कसं उचलावं हे शिकवलं, त्यांच्या साहित्यात आता पोलीस-अग्निशमनासाठी मानसिक आरोग्याचा संच आला: सहकाऱ्यांचे आधारगट, भीषण प्रसंगानंतरची भेट, समुपदेशकाकडे ठरावीक काळाने जाणं सगळ्यांनाच लावणं. सगळेच जातात म्हटल्यावर ‘हा का गेला’ हा प्रश्न उरत नाही, हा त्यातला व्यवहारी डाव.

निधीबाहेरचं बिल

सगळ्यांत मोठी रक्कम मात्र सामायिक निधीच्या हिशोबात दिसतच नाही. पोलीस कर्तव्यातून अपंग ठरला की त्याला सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या पेन्शन संस्थेकडून, पेराकडून, सरासरी पगाराच्या किमान ६० टक्के अपंगत्व पेन्शन मिळते. त्याशिवाय राज्याचा आणखी एक कायदा आहे: अशा पोलिसाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्यातला मालकाचा वाटा शहराने तो ६५ वर्षांचा होईपर्यंत भरत राहायचा. अडतिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसासाठी सत्तावीस वर्षं. त्याच्या जागी नेमलेल्या नव्या पोलिसाचाही वाटा भरायचाच. राज्य या खर्चाची परतफेड करतं, पण निधी अपुरा पडून प्रत्येकाला टक्केवारीने थोडंथोडं देण्याची वेळ आली. हा खर्च कामगार भरपाईचा नाही, म्हणून सामायिक निधी तो उचलत नाही. लहान गाव ज्या एकाकी धक्क्यापासून वाचायला १९८० च्या निधीत शिरलं होतं, तसाच धक्का त्याला मागच्या दाराने एकट्याला बसतो.

२०२३ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली. मानसिक आजारासाठी कर्तव्य-अपंगत्वाचा अर्ज करण्याआधी उपचार घेणं सक्तीचं झालं: २४ आठवड्यांपर्यंत, गरज पडली तर आणखी आठ. या काळात पगार आणि फायदे चालू. उपचाराच्या आणि आरोग्य विम्याच्या खर्चासाठी राज्याने १० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली, तीही एकदाच. माझ्या दृष्टीने या दुरुस्तीत खरी अक्कल पहिल्या भागात आहे. आधीच्या रचनेत बाहेर पडण्याला पैसे होते आणि बरं होण्याला जवळपास काहीच नव्हतं. पोलिसाचा वकील त्याला दुसरं काय सुचवणार? एकदाच दिलेले दहा कोटी मात्र सत्तावीस वर्षांच्या हप्त्याला पुरत नाहीत.

दरम्यान काही लहान गावांनी पोलीस दलच बंद केलं. मॉरिसने २०२२ मध्ये. गुडह्यू या गावाचं अख्खं दल ऑगस्ट २०२३ मध्ये राजीनामा देऊन गेलं, तिथलं कारण कमी पगाराचं. दोन्हीकडे गस्त आता काउंटीच्या शेरीफकडे. असं झालं की गावाच्या हप्त्याच्या कागदावरून पोलिसांचा रकाना निघून जातो आणि आकडा एकदम हलका दिसतो. पण शेरीफच्या डेप्युटीलाही तेच २०१९ चं गृहीत लागू आहे, आणि बहुसंख्य काउंट्या १९७९ पासून चालत आलेल्या स्वतःच्या वेगळ्या सामायिक निधीत आहेत. गावाचा क्लेम तिथे जातो, आणि पुढच्या करारात काउंटी तो गस्तीच्या दरात लावून गावाकडूनच वसूल करू शकते.